राहेल म्हणजे मेंढी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्याकडे आधी वास येतो, मग धूळ येते, मग मेंढरं येतात. माण तालुक्यातलं पाणी आटत आलं की तिकडचे धनगर कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, आणि सोयाबीन निघून मोकळ्या पडलेल्या रानात मेंढरं बसवतात. रानाला खत होतं, मेंढरांना चारा होतो. आमची नातसून ओढणी नाकाला लावून खिडक्या बंद करत फिरते. परवा मला म्हणाली, आजी, तुम्हाला हा वास आवडतो की काय? मी म्हटलं, आवडतो. खरं तर मुळीच आवडत नाही. पण या वासाबरोबर माझं एक माणूस येतं, त्यामुळं मला खिडकी लावून घेता येत नाही.

या वर्षी मळ्यात बसलेला कळप बिरूचा. पस्तिशीचा गडी, मिशा अशा की मेंढरांनीसुद्धा वचकावं. मोबाइल चार्जिंगला लावायला घरी आला, ओसरीवर टेकला आणि चहा फुंकता फुंकता सहज म्हणाला, "आजी, नदीकडंची चिंच असल्याला ह्यो मळा तुमचाच न्हवं? आमच्या घरात ह्याला डोळं गेल्याला मळा म्हणत्यात. पणजी हितं कवा मेंढरं बसवू देत नव्हती. का, ते कुणालाच ठावं न्हाई. औंदा चारा कुठं गावंना, म्हणून आलो."

पणजीचं नाव काय, असं मी विचारलं. बायजाक्का, तो म्हणाला.

का बसवू देत नव्हती, ते मला ठाऊक होतं. जगात आता बहुधा मला एकटीलाच ठाऊक असेल. पण मी काय म्हटलं? "असंल बाबा," म्हटलं आणि त्याच्या बशीत आणखी चहा ओतला. सत्त्याहत्तर वर्षांची झाले, तोंडात दात उरले नाहीत, पण ऐनवेळी तोंड चुकवायची कला अजून शाबूत आहे.

त्याला चार दिवस झाले. चार दिवस मी त्या चिंचेकडे पाठ करून बसते आहे.

राहेल मला भेटली सांगलीत, मास्तरणीच्या ट्रेनिंगला. मी वाळव्याकडची, उसातली पोर. घरात गूळ, अंगात गूळ आणि जिभेला मात्र मिरची. ती माणातली, तिचे वडील पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचे उपाध्याय म्हणा. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही दोघी. हळदीचा हंगाम आला की सांगलीच्या बाजारातून येणारी हवासुद्धा पिवळी वाटायची. वाळत घातलेल्या परकराला हळदीचा वास यायचा आणि आम्ही हसायचो, की लग्न न होताच हळद लागली.

पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय गं? माझ्या नावाचा अर्थ फूल, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. आमच्या वर्गात चार कुसुम होत्या आणि एकीलाही बघून कुणाला फूल आठवलं नसतं. मी तर पडवळासारखी होते. पण ऐट फुलाची.

ती म्हणाली, "राहेल म्हणजे मेंढी."

आता समजूतदार मुलीनं पुढं काही विचारलं असतं. मी समजूतदार नव्हते, विनोदी होते. त्या वयात मला वाटायचं, विनोद ही देवानं फक्त मला दिलेली वस्तू आहे आणि ती वाया जाऊ देणं पाप आहे. रात्रीच्या जेवणाला ती भाकरी घेऊन पंगतीत बसली आणि मी ताटावरून मान वर करून "बँऽऽ" केलं. अख्खी पंगत हसली. महिनाभर हॉस्टेलात दुसरा उद्योग नव्हता. ती आली की बँ, गेली की बँ. एकदा रेक्टरबाईंनी तिला हाक मारली तेव्हा मागून कुणी तरी बँ केलं, आणि बाईंनाही हसू आवरलं नाही. मी त्या दिवशी स्वतःला फार मोठी समजले.

ती रागावली नाही. तीही हसायची, पण थोडं उशिरा, आधी आमच्याकडं बघून घेऊन. एकदा घाटावर कपडे धूत असताना तिनं मला सांगितलं. म्हणजे मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. ती जन्मली ते साल कोरडं होतं. आईला दूध नव्हतं. गावात गाई उरल्या नव्हत्या, होत्या त्या आटल्या होत्या. शेजारच्या वस्तीवरची एक धनगरीण, बायजाक्का, रोज सकाळी वाटीभर मेंढीचं दूध आणून द्यायची. सहा महिने पोरीनं तेच प्यायलं. वडिलांनी मग शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, नाव शोधलं. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेत राहेल म्हणजे मेंढी, आणि त्यांच्या शास्त्रातली राहेल स्वतः बापाची मेंढरं वळणारी. विहिरीवर ती कळप घेऊन आली तेव्हा याकोबानं तिला पाहिलं, आणि चार गड्यांनी हलवायचा विहिरीवरचा धोंडा त्यानं एकट्यानं सरकवला.

"आमच्याकडं मेंढी म्हंजे काय असती, ते तुला ऊसवालीला न्हाई कळायचं," ती म्हणाली. एरवी ती पुस्तकी बोलायची. मनातलं काही आलं की माण बाहेर यायचं.

घाटाच्या ओल्या दगडावर कोळशानं तिनं मला ते नाव लिहून दाखवलं. उजवीकडून डावीकडं. तीन अक्षरं, रेश, हेत, लामेद. मधल्या अक्षराचा उच्चार घशातून, खाकरल्यासारखा. आपल्या ह आणि ख यांच्या मधला. तिच्या वडिलांनी प्रत्येक अक्षराचा जुना अर्थ तिला शिकवला होता. रेश म्हणजे डोकं. हेत म्हणजे कुंपण. लामेद म्हणजे जनावर हाकायची काठी. लिहितानाही ते अक्षर बाकीच्यांपेक्षा उंच, ओळीच्या वर डोकावणारं. वडील म्हणायचे, बघ, मेंढीचं डोकं, कुंपण आणि मेंढपाळाची काठी, नावातच सगळा कळप बसलाय. हा त्यांचा आपला लाडका हिशेब असेल, पंडितांना मान्य असेल-नसेल. पण मला अजून ती तीन अक्षरं काढता येतात. परवा नातीच्या मोबाइलनं तो उच्चार मला ऐकवला. यंत्रसुद्धा मध्ये खाकरलं. नात म्हणाली, आजी, तुम्ही हसताय का? मी हसत नव्हते.

त्या राहेलची पुढची गोष्टही तिनंच सांगितली. याकोबानं तिच्यासाठी सात वर्षं सासऱ्याकडं राबायचं कबूल केलं, आणि लग्नाच्या दिवशी सासऱ्यानं बुरख्याखाली दुसरीच मुलगी उभी केली, थोरली, लेआ. मी म्हटलं, आणि तुझी मेंढी गप्प बसली? माझ्या नावावर दुसरी उभी केली असती तर मी मांडव पेटवला असता. मोठ्या फुशारकीनं म्हटलं. दुसऱ्याच्या नावावर माणूस उभं करायचं काम पुढं आपल्याच हातून होणार आहे, हे कुणाला माहीत असतं?

माझं लग्न ट्रेनिंग संपताच झालं, कऱ्हाडच्या अलीकडच्या या गावात. बोहल्यावरून उतरल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, वसुंधरा. राहेल लग्नाला आली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, तांदळात लिहिलंय, चिमणीनं खाल्लं तर काय करशील? मग विचारलं, आता मी तुला काय म्हणू? मी म्हटलं, कुणी नसताना कुसुमच म्हण.

मला त्या नावबदलाचं काही वाटलं नाही. आईला नाही, आजीला नाही, मलाही नाही. हात फिरवला की जुनं जातं, बोट फिरवलं की नवं येतं. नाव म्हणजे ताटातले तांदूळ, एवढीच माझी समज. पुढचं सगळं त्या समजुतीतून झालं.

वर्षभरात राहेलची नेमणूक आमच्याच गावच्या शाळेत झाली. मला आकाश ठेंगणं झालं. पण गावात तिला खोली कोण देणार? दोन घरं तिनं विचारली, नाव ऐकल्यावर दोन्हीकडची खोली एकदम भरून गेली. आमच्या ओसरीशेजारची खोली मात्र रिकामी होती. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाई करारी, देवधर्माच्या कडक, सोवळ्याच्या दिवशी मांजरालासुद्धा स्वयंपाकघरात मज्जाव. मी हुशार. मी राहेलला म्हटलं, काही नाही गं, दोन महिने रोहिणी हो. कपाळाला बारीकशी टिकली लाव. शाळेत सगळे तुला नुसतं बाईच म्हणणार, आत्याबाई गावात फिरकत नाहीत आणि ह्यांना मी सांभाळते. आत्याबाईंना तुझी सवय झाली की मी सांगते सगळं.

तिनं कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "सांगशील नव्हं?"

मी म्हटलं, म्हणजे काय.

तिच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तिचं नाव होतं. पहिल्या अक्षरावर मी खडूनं एक मात्रा दिली, रा चा रो झाला, आणि पुढची अक्षरं गोधडीनं झाकली. इतकं सोपं काम. मी तर खूश होऊन टाळी वाजवली होती.

दोन महिन्यांत आत्याबाईंना तिचा लळा लागला. ती शाळेतून आली की त्या तिच्यापुढं शेंगा सोलायला टाकायच्या आणि माझ्या तक्रारी सांगायच्या. माझ्यापेक्षा तिची भाकरी पातळ, माझ्यापेक्षा तिचा हात हलका. दर रविवारी ती काकांना भेटायला म्हणून एसटीनं साताऱ्याच्या चर्चला जायची. जाताना फाट्यावर टिकली काढायची, येताना फाट्यावर लावायची. मला हे तिनं हसत सांगितलं होतं. मीही हसले. वर म्हटलं, एवढं काय, एक टिकली तर आहे.

दर आठवड्याला ती माझ्याकडं नुसती बघायची. मी म्हणायचे, सांगते गं, हा सण जाऊ दे. दसरा गेला. दिवाळी गेली. मग मेंढरं आली.

तो हंगाम माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. भुईमूग निघालेलं रान, मातीला शेंगांचा गोडसर वास, आणि त्यावर शे-दीडशे मेंढरांचा तो दाट, उबदार दर्प. धनगर दिवस कलताना सुतळीच्या जाळीचं कुंपण घालायचे, त्याला वाघर म्हणतात. आत मेंढरं, बाहेर कुत्री, कडेला तीन दगडांची चूल. आमच्या घरची रीत अशी, की कळप हलण्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बाईनं मळ्यात जायचं, कळपातल्या सगळ्यांत जुन्या मेंढीला हळदकुंकू लावायचं आणि भाकरी चारायची. रानाला अन्न घातलं म्हणून. आत्याबाई, मी आणि राहेल, तिघी गेलो. ताट राहेलच्या हातात होतं. एका नाव बदललेल्या मेंढीनं दुसऱ्या मेंढीपुढं ताट धरलंय, असा विनोद मला तेव्हा सुचलासुद्धा. सांगितलं ना, विनोद वाया जाऊ द्यायचा नाही.

चुलीपाशी बसलेली धनगरीण उठली. डोळ्यांवर हात आडवा धरून राहेलकडं बघत जवळ आली. तिचा चेहरा असा उजळला, की तसा चेहरा माझ्याकडं बघून कुणाचा झालेला मला आठवत नाही.

"राहेल न्हवं तू? आगं, पाळकसायबाची राहेल. माझ्या मेंढीच्या दुधावर वाढल्याली."

आत्याबाईंनी मान वळवली. त्यांनी राहेलकडं नाही, माझ्याकडं बघितलं. बस, तेवढा एक क्षण होता. सांगायचं ते सांगायला ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती. दुसऱ्या कुणी तरी निम्मं सांगूनही टाकलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "न्हाई ओ आक्का, ही आमची रोहिणी. तुमची काही तरी चूक झाली."

राहेल माझ्याकडं बघत राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर मी आत्याबाईंपुढं खोटी पडले असते. तिनं मला खोटी पडू दिलं नाही. ज्या बाईच्या दुधावर ती वाढली, तिच्यापुढं ती माझ्यासाठी मुकी उभी राहिली.

बायजाक्काचा चेहरा हळूहळू विझला. दीडशे मेंढरांत प्रत्येकीला तोंडावरून ओळखणारी बाई ती. "आसंल बया," म्हणाली, "डोळं गेलं आता माझं." आणि मागं फिरून चुलीत काटक्या सारत बसली.

सकाळी उजाडता उजाडता राहेल मळ्याकडं गेली. पळत गेली. मी ओसरीवरून बघितलं. कळप हलला होता. चिंचेखाली तीन काळे दगड आणि लेंड्या. ती परत आली ती चालत. परसात जाऊन तिनं तोंड धुतलं, टिकली काढून दाराच्या चौकटीला चिकटवली, ट्रंक ओसरीवर आणली, आणि ओल्या पदरानं त्यावरची माझी खडूची मात्रा पुसली. मग आत्याबाईंसमोर उभी राहून म्हणाली, माझं नाव राहेल आहे, आम्ही ख्रिस्ती आहोत, तुमच्या घरात खोटं बोलून राहिले, मला माफ करा. माझं नावसुद्धा घेतलं नाही. जाताना माझ्यापाशी थांबली.

"येते, कुसुम," म्हणाली. सगळ्यांच्या देखत, आत्याबाईंच्या देखत.

त्यानंतर माहेरच्यांखेरीज मला त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. तेही गेले, आता मारणारही कुणी नाही.

आत्याबाईंनी खोली शेणानं सारवून घेतली. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी काकवीचा तांब्या भरून स्वतः शाळेत गेल्या. राहेल आता शाळेच्याच एका कोठीत राहत होती. दोघींत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. परत येऊन आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या आणि पायाचे तळवे चोळत म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर आठ दिवस तोंड फिरवलं असतं मी. मला काय, तेवढंच येतं. आठ दिवसांचं काम हुतं, वसुंधरा. तू जलमाचं करून ठिवलंस."

मेपर्यंत राहेल गावात होती. शाळा आमच्या घरापासून दोन शेतांवर. उन्हाळ्यात तर पाटालाही पाणी नव्हतं, चप्पल न भिजवता जाता आलं असतं. मी गेले नाही. रोज उद्या जाईन म्हटलं. कधी पाहुणे आले, कधी अंगात कसर होती, कधी काय. मग तिची सांगलीकडं बदली झाली, मला मूल राहिलं, आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं मी कामात होते. असं मी लोकांना सांगते. बायजाक्काचा कळप त्यानंतर आमच्या रानात बसला नाही. पावसाळ्यात ती गावी गेली असेल, राहेलनं तिला सगळं सांगितलं असेल, आणि त्या बाईनं मळ्याला ते नाव ठेवलं असेल. डोळे कुणाचे गेले होते, हे तिला नंतर नीट कळलं असणार.

बिरूनं त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या गावात कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं झालं, की सगळे पाळकाच्या नातीला फोन लावतात. ती तिथं नर्स होती, आता घरीच असते, पण सगळ्यांचं करते. मी म्हटलं, म्हणजे राहेलबाईंची मुलगी? व्हय की, तो म्हणाला, आणि त्यानं नंबर दिला. मी तो तिखटाच्या डब्याखाली ठेवला. चार दिवस तिखट काढायला नातसुनेलाच सांगत होते.

आज सकाळी घरात कुणी नाही असं बघून फोन लावला.

"मी रोहिणी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

मला वाटलं, मेल्यावर माणसाला असंच काही तरी ऐकू येत असेल. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, रोहिणी, राहेलबाईंची मुलगी. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही कोण बोलताय?

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. वसुंधरा आहे, आजी आहे, सरपंचांची आई आहे. पण मी म्हटलं, "कुसुम."

मग हसू आल्यासारखा आवाज. "बँ करणाऱ्या?"

म्हणजे तिनं सांगितलं होतं. मी पदर तोंडाशी धरला. मग मी विचारलं, की आईनं तुझं नाव रोहिणी का ठेवलं, ते कधी बोलली का. ती म्हणाली, मी विचारलं होतं एकदा. आई म्हणायची, एका थंडीत ते नाव मी वापरलंय. ऊबदार होतं, पण माझं नव्हतं. म्हणून ज्याचं होईल त्याला दिलं.

शास्त्रातली राहेल वाटेतच बाळंत झाली आणि त्यातच गेली. जाता जाता मुलाचं नाव ठेवलं बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. बापानं ते बदललं आणि बन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. हे मला राहेलनंच घाटावर सांगितलं होतं. सकाळपासून मी तेवढंच घोळवते आहे. आपल्या मुलीला हाक मारताना ती दर वेळी ह्यातलं कुठलं नाव घेत असेल, दुःखाचं की उजव्या हाताचं? मला माफ केलं म्हणून ठेवलं, की विसरू नये म्हणून? विचारायचं जिला, ती नाही. आणि मुलीला मी विचारायचं म्हणजे पुन्हा तिच्या गळ्यात माझं ओझं.

फोन ठेवला आणि काठी घेऊन मळ्यात गेले. नातसून घरी नव्हती हे बरं झालं, नाही तर मागून ओरडत आली असती. बिरू वाघर गुंडाळत होता. आज कळप हलायचा आहे. चिंचेखाली दगडावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं, खडूच्या मात्रेपासून काकवीच्या तांब्यापर्यंत. तुझ्या पणजीचे डोळे शाबूत होते, म्हटलं. तिनं बरोबर ओळखलं होतं. मी खोटं बोलले.

तो जाळी हातात धरून उभाच राहिला. रागावला का, ते त्या मिशांमुळं कळेना. एक म्हातारी मेंढी येऊन माझी काठी हुंगायला लागली, तिला त्यानं हाकललं नाही. मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाला, "आजी, मग आता मळ्याचं नाव बदलाया पायजे. घरी सांगतो समद्यांस्नी."

मी म्हटलं, "नको रं. तेच राहू दे. नावं बदलायचं काम मी सोडलं."